वातावरण शहाणं आहे का?

शनिवारी सकाळी बायकोने त्याला आपल्या माहेरच्या दाराशी सोडलं, तेव्हा गाडीतून उतरायच्या आधी एकच गोष्ट बजावली. "आई कॉम्प्युटरचं काही म्हणाली तर सरळ 'मला येत नाही' म्हण. तीन शब्द आहेत. जमतील?"

"न जमायला काय झालं?" तो म्हणाला.

बायको फिजिओथेरपिस्ट होती आणि तिची दिवसभर ड्यूटी होती. ती गेली. तो जिना चढून वर गेला, चपला काढल्या, पाणी प्यायला, आणि रिकामा पेला खाली ठेवतोय तोच सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही आलात. त्या नव्या कॉम्प्युटरवर माझ्या मशीनचा प्रोग्राम तेवढा चढवायचाय. तुमच्या डाव्या हातचा मळ."

"हो, बघू की," जावई म्हणाला.

जावई कॉम्प्युटर कंपनीत होता हे खरं. पण काळ्या पडद्यावर शेवटची कमांड टाइप करून त्याला अकरा वर्षं झाली होती. मग बढत्या मिळत गेल्या आणि काम हळूहळू बैठकांमध्ये सरकलं. आता तो दिवसाला सहा बैठका घ्यायचा. दुसऱ्यांच्या कामांचे चौकोन करायचे, त्यांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि लाल चौकोनाकडे बोट दाखवून "हे असं का?" असं विचारायचं. यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासरी मात्र तो "कॉम्प्युटरमधला" होता, आणि लग्नाला आठ वर्षं झाली तरी हा गैरसमज दूर करायची एकही संधी त्याने साधली नव्हती.

सासूबाईंचं मशीन मागच्या खोलीत होतं. विणकामाचं, चांगलं पाच फूट लांब, दोनशे सुयांचं. वरची गाडी इकडून तिकडे सरकवली की एक ओळ विणून व्हायची. नक्षी असली की कोणत्या सुईने कोणत्या रंगाची लोकर उचलायची हे कॉम्प्युटर वायरीतून मशीनला सांगायचा. गुरुवारी जुन्या कॉम्प्युटरने थोडा धूर काढला आणि राम म्हटला. सासूबाईंच्या भावाने, म्हणजे बायकोच्या मामाने, शुक्रवारी आपल्या ऑफिसातला एक जुनाच कॉम्प्युटर आणून दिला आणि सोबत एक पेनड्राइव्ह. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पण कुठल्याशा देशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्या मशीनसाठी प्रोग्राम लिहून जगाला फुकट दिला होता, तो त्या पेनड्राइव्हवर होता. फक्त तयार नव्हता. मूळ कोड तेवढा होता, तो ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवर बांधून घ्यायचा.

"मामांनीच का नाही बांधला?" जावयाने विचारलं.

"तो पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून जो गेला, तो कालपासून फोन उचलत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

आणि घाई होती. गावाबाहेर एक जनावरांची डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी आश्रम चालवायची. तिच्या सात कुत्र्यांना त्वचेचा कसलासा रोग झाला म्हणून सगळ्यांचे केस भादरावे लागले होते. भादरल्यावर सातही कुत्री सारखीच दिसू लागली, गुलाबी आणि ओशाळलेली. मागच्या आठवड्यात मेजर नावाच्या कुत्र्याचं पोट साफ व्हायचं औषध ढोल्या नावाच्या कुत्र्याला गेलं. ढोल्याला त्याची मुळीच गरज नव्हती. पुढे काय झालं ते डॉक्टरीणबाई सांगत नसे, त्या खोलीतली फरशी बदलून घेतली एवढंच म्हणे. म्हणून तिने सात स्वेटर सांगितले होते, प्रत्येकाच्या पाठीवर ठसठशीत नाव विणलेले. सोमवारपासून औषध द्यायला नवी माणसं येणार होती. दोन स्वेटर झाले होते. पाच उरले होते, आणि ढोल्या त्या पाचांत होता.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, मशीनच्या खोलीच्या दाराला लागून ठेवला होता. जावई त्याच्यासमोर बसला. शेजारी खुर्ची ओढून सासरे बसले. सासरे चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वाचताना हातात लाल पेन्सिल असायचीच. औषधाच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा ते चुका काढत वाचायचे आणि मगच गोळी घ्यायचे.

"सूचना तीनच ओळींची आहे," जावई म्हणाला. त्याला जरा धीर आला होता. "पहिली कॉन्फिगर. म्हणजे तो आधी तपासणी करतो. घरात लागणारं सगळं सामान आहे का, बघतो. मग दुसऱ्या ओळीने बांधतो, तिसरीने बसवतो. दहा मिनिटं."

त्याने कॉन्फिगर हा शब्द टाइप केला. कॉम्प्युटरने असा हुकूम आपल्याला माहीत नसल्याचं कळवलं.

"सूचनेत त्या शब्दाआधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ आहे," सासरे म्हणाले. "तुम्ही ती खाल्लीत."

"ती सजावट असेल, बाबा."

"सजावट कोण कशाला करेल?"

जावयाने टिंब आणि रेघ घातली. पडद्यावर भराभर ओळी उमटू लागल्या. जावई मागे रेलला, हात छातीशी बांधले. बैठकीत तो असाच बसायचा. तिसऱ्या ओळीला सगळं थांबलं.

सासरे चष्मा वर करून एकेक शब्द सावकाश मराठीत लावू लागले. "बांधकामाचं वातावरण शहाणं आहे का, तपासत आहे." मग ते जरा थांबले. "नाही म्हणतोय."

"काय नाही?" आतून सासूबाई.

"घरातलं वातावरण शहाणं नाही."

"त्याला आल्या आल्या काय कळलं?" सासूबाई बाहेर आल्या. "मामाच्या ऑफिसातून आलाय ना, तिथलं बोलत असेल."

"पुढेही लिहिलंय," सासरे म्हणाले. "आत्ता तयार केलेली फाइल आधीपासून असलेल्या फाइलींपेक्षा जुनी आहे. घड्याळ तपासा."

तिघांनीही वर भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. सासरे नोकरीला असताना त्यांनी वेळेवर निघावं म्हणून सासूबाईंनी ते मुद्दाम पुढे केलं होतं. पुढे आहे हे सासऱ्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि ते मनातल्या मनात बारा वजा करून निवांत निघायचे. हे सासूबाईंना आत्ता कळलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही वजा करत होतात?"

"आपोआप व्हायचं ते."

"आणि मी स्वयंपाकघरात नुसती धावाधाव!"

जावयाने स्टुलावर चढून घड्याळ बरोबर लावलं, कारण तेवढं त्याला येत होतं. खाली उतरून पुन्हा कॉन्फिगर चालवलं. वातावरण अजूनही शहाणं नव्हतं. खरं म्हणजे मघापेक्षा बिघडलंच होतं, सासूबाई आता बोलत नव्हत्या.

मग सासऱ्यांनी पेन्सिलीचं टोक पडद्याच्या कोपऱ्यात टेकवलं. तिथे बारीक आकड्यांत तारीख होती. महिना बरोबर होता. साल नऊ वर्षांपूर्वीचं होतं.

"याच्या मते तुमचं अजून लग्न व्हायचंय," सासरे म्हणाले.

"मग मी इथे का बसलोय, असं वाटत असेल त्याला," जावई म्हणाला, आणि तारीख दुरुस्त केली. वातावरण शहाणं आहे, असं उत्तर ताबडतोब आलं. सासूबाईंनी ते वाचून घेतलं आणि "हं" म्हणून आत गेल्या. चहा मात्र दोनच कप आला, जावयाचा आणि त्यांचा स्वतःचा.

पुढच्या अडथळ्याला फार वेळ लागला नाही. पसंतीला उतरेल असा सी कंपायलर रस्त्यात कुठेही सापडला नाही, असं लिहून तपासणी थांबली. कंपायलर म्हणजे मूळ कोडचा चालता प्रोग्राम करून देणारा, हे जावयाला आठवत होतं. तो आणायचा कुठून, ते आठवत नव्हतं. त्याने फोन खिशात घातला, "आलोच" म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

ऑफिसात त्याच्या हाताखाली एक हुशार मुलगी होती. तिला त्याने फोन लावला. ती पार्लरमध्ये केस रंगवून घेत होती.

"सर? शनिवारी? काय पेटलंय?"

"हळू बोल. मी एका क्लायंटकडे आहे," तो कुजबुजला. "इथे कंपायलर नाही म्हणतोय."

"मग टाका ना सर."

"टाकतोच आहे. तू कसा टाकतेस, ते बघायचं होतं."

तिने एक ओळ सावकाश, अक्षरं फोडून सांगितली. त्याने ती तळहातावर लिहून घेतली. "क्लायंट मोठा आहे का सर?" तिने विचारलं.

"जवळचा आहे."

तो बाहेर आला तर दारात सासूबाई उभ्या. हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला. "बराच वेळ लागला," त्या म्हणाल्या. "घ्या. अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये."

काय सांगणार? जावयाने पेला रिकामा केला.

तळहातावरच्या ओळीने काम केलं. कॉम्प्युटरने नेटवरून काय काय ओढून घेतलं आणि कंपायलर आला. जावयाला एकदम स्फुरण चढलं. आता नुसतं चालून उपयोग नाही, सासऱ्यांसमोर काहीतरी जास्तीचं केलं पाहिजे, असं वाटलं. त्याने नेटवर शोधलं आणि एका लेखात "प्रोग्राम वाऱ्यासारखा पळवायचा असेल तर बांधायच्या आधी एवढी ओळ घाला" असं मिळालं. ती ओळ त्याने जशीच्या तशी उचलली आणि कायमची राहावी म्हणून कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये चिकटवली.

"हे काय केलंत?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडं ट्यूनिंग," जावई म्हणाला.

यानंतर तपासणी जी अडली ती अडलीच. सी कंपायलरला चालणारी फाइल बनवता येत नाही. खाली आणखी एक ओळ होती, अधिक तपशिलासाठी नोंदींची फाइल पाहा.

"नोंदी पाहा म्हणतोय," सासरे म्हणाले.

"ते सगळेच म्हणतात, बाबा. कुणी बघत नाही."

"मग ते लिहितात कुणासाठी?"

जावयाने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेनड्राइव्हवरून उतरवलेलं सगळं पुसून पुन्हा उतरवलं. कंपायलर काढून टाकला आणि पुन्हा बसवला. मशीनची वायर काढून फुंकर मारली. मशीनचा अजून या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, तरी मारली. सासरे प्रत्येक वेळी निकाल वाचून दाखवत होते. "नाही जमत म्हणतोय. मघाचंच वाक्य आहे. स्वल्पविरामसुद्धा तोच आहे."

जावई पुन्हा बाथरूममध्ये गेला. मुलीने फोन उचलला तेव्हा मागे पाण्याचा आवाज येत होता.

"सर, नोंदी वाचल्यात?"

"वाचल्या."

"काय लिहिलंय?"

"बरंच काही लिहिलंय."

"सर," मुलगी म्हणाली, "वाचा." आणि तिचं डोकं बेसिनमध्ये गेल्यामुळे फोन बंद झाला.

बाहेर दुसरा पेला तयार होता. या वेळी सासूबाईंनी लिंबूही पिळलं होतं. अर्ध्या तासाने आणखी एक फोन झाला, तो उचललाच गेला नाही, तरी तिसरा पेला प्यावा लागला.

जेवणं झाली. जावई पडद्याकडे बघत बसला, पण बघत काहीच नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे पाच लाल चौकोन आणि बदललेली फरशी होती. सासऱ्यांनी जरा खाकरून विचारलं, "तुमची हरकत नसेल तर मी वाचू का?"

"काय?"

"नोंदी."

"बाबा, हजारेक ओळी असतील. सगळं तांत्रिक आहे."

"मी एकदा सबंध टेलिफोन डिरेक्टरी वाचलीय," सासरे म्हणाले. "दोन वेळा. दुसरं प्रूफ खराब आलं होतं."

जावई उठला आणि सासरे त्याच्या जागी बसले. त्यांनी कपाटातून भिंग आणलं आणि एक लोखंडी पट्टी. पट्टी पडद्यावर आडवी धरली, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसेल, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एक ओळ झाली की बोटाने एक बटण दाबायचे. मधून मधून ते हुंकार द्यायचे. मागच्या खोलीत सासूबाई लोकरीची निमुळती रिळं, म्हणजे कोन, लावून ठेवत होत्या. जावई खिडकीशी उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला.

"माणूस सज्जन आहे," दीडशेव्या ओळीच्या आसपास सासरे म्हणाले. "काय विचारलं, काय उत्तर मिळालं, सगळं लिहून ठेवतो. कुठे झाकपाक नाही."

पाऊण तास पट्टी ओळ ओळ उतरत गेली. मग पट्टी थांबली. त्यांनी भिंग पडद्याला जवळजवळ टेकवलं.

"जावईबापू, जरा या. इथे म्हणतोय की 'ओ दोन' अशी फाइल सापडत नाही. या नावाची फाइल आपल्याकडे आहे का?"

"ती फाइल नाही, बाबा. तो पर्याय आहे. मी मघाशी घातला तो, वेगासाठी. त्याच्यापुढे ती बारकी रेघ आहे ना, त्यावरून त्याला कळतं की हा पर्याय आहे."

"हं. पण बाकी सगळ्या पर्यायांपुढे संयोगचिन्ह आहे, आणि याच्यापुढे अपसारणचिन्ह आहे."

"म्हणजे?"

"बाकी ठिकाणी हायफन आहे. इथे डॅश आहे. लांब आहे."

जावयाने डोळे बारीक करून पाहिलं. "तेच ते, बाबा."

सासऱ्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. चष्मा काढला. रुमालाने पुसला. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, असं नका बोलू त्यांच्याशी. मागे या रेघेवरून माझ्या भावाशी सहा महिने बोलत नव्हते."

"तेच ते नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "एक जोडतं, एक तोडतं. तुम्ही याच्यापुढे भलतीच रेघ ठेवलीत. त्याला ती ओळखीची नाही, म्हणून बिचारा याला फाइल समजून शोधत बसला. सापडली नाही. माझं काम होत नाही, म्हणाला. प्रत्येक वेळी खरं तेच सांगत होता." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "ही ओळ कुणी लिहिली?"

छापखान्यात ते हा प्रश्न कसा विचारत असतील, याची जावयाला पुरेपूर कल्पना आली. तो दर सोमवारी अशाच आवाजात "हे असं का?" म्हणायचा आणि समोरची मंडळी छताकडे बघायची. आता तो छताकडे बघत होता.

"मी," तो म्हणाला. "एका लेखातून उचलली. त्यांनी छान दिसावं म्हणून रेघ लांब केली असेल." आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही बाहेर आलं. "बाबा, मला यातलं काही येत नाही. म्हणजे यायचं. अकरा वर्षांपूर्वी. आता मी नुसत्या बैठका घेतो. सकाळपासून ऑफिसातल्या एका मुलीला विचारून करतोय, बाथरूममधून. माझं पोट उत्तम आहे."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ते मला पहिल्याच वेळी कळलं," त्या म्हणाल्या. "बाथरूमची वरची झडप मशीनच्या खोलीत उघडते. सगळं स्वच्छ ऐकू येतं. क्लायंट म्हणे."

"मग तुम्ही मला ते पाणी का पाजत होतात? तीन पेले?"

"म्हटलं, पहिल्या पेल्याला सांगाल खरं. नाही सांगितलंत. दुसऱ्याला लिंबू पिळलं. माणूस किती पिऊ शकतो तेच बघत होते मी."

जावयाने मान खाली घातली. सासरे पेन्सिल बोटांत फिरवत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. एका संस्थेच्या कार्यक्रमाची पत्रिका होती. दोन हजार प्रती. मी स्वतः वाचून सही केली. कार्यक्रमात एक ओळ होती, सायंकाळी सहा वाजता अध्यक्षांचे भाषण. छापून गेलं, सायंकाळी सहा वाजता अध्यक्षांचे भक्षण."

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"सभागृह भरलं होतं, म्हणतात," सासरे म्हणाले. "एरवी चाळीस माणसं यायची."

आधी सासूबाईंना हसू फुटलं. ही गोष्ट त्यांनाही नवीन होती. त्या दाराला धरून हसायला लागल्या, मग जावई हसला, आणि शेवटी सासरेही, पण ते रुमाल तोंडावर धरून.

"इतकी वर्षं लपवलंत?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"तू घड्याळ लपवलंस."

"लपवलं कुठे, भिंतीवर तर होतं!" पण त्यांचा राग निवळला होता. त्यांनी तिघांचा चहा टाकला.

जावयाने लांब रेघ पुसली आणि त्या जागी छोटी ठेवली. सासऱ्यांनी भिंगातून तपासून मान हलवली. या वेळी तपासणी अडली नाही. हे आहे का, आहे. ते आहे का, आहे. ओळींमागून ओळी वर सरकत होत्या आणि सासरे त्यांच्याबरोबर पुटपुटत होते, "आहे, आहे, आहे." शेवटाला आल्यावर ती पुन्हा थांबली. वायरीतून बोलण्यासाठी लागणारी लायब्ररी मिळत नाही.

"लायब्ररी चौकात आहे, पण चारला बंद होते," सासूबाई म्हणाल्या.

आता बाथरूममध्ये जायचं कारण उरलं नव्हतं. जावयाने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि मुलीला सगळं सरळ सांगितलं. हा क्लायंट म्हणजे आपल्या सासूबाई, आपल्याला येत नाही, आणि सात कुत्री उघडी आहेत.

"सर, हे सकाळीच सांगायचं ना!" मुलगी म्हणाली. तिचे केस आता वाळत होते. "लायब्ररी असेल तिथे, पण नुसती चालत नाही. बांधायला तिच्या नावाच्या शेवटी देव लागतो."

"देव?" सासरे पुढे झुकले.

"हो काका. आधी लायब्ररीचं नाव, मग छोटी रेघ, मग डी, ई, व्ही. देव."

"छोटी रेघ म्हणजे संयोगचिन्ह," सासरे म्हणाले.

"हो, तेच काका. लांब रेघ अजिबात नको हं."

सासऱ्यांनी फोनकडे फार आदराने पाहिलं. "ही मुलगी कोण आहे?" त्यांनी जावयाला हळूच विचारलं. "हिला सांभाळा."

नावाच्या शेवटी देव लावल्यावर लायब्ररी मिळाली. कॉन्फिगर पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता गेलं आणि कर्सर नव्या ओळीवर लुकलुकत उभा राहिला. जावयाने दुसरी सूचना दिली. पडद्यावर इशाऱ्यांचा पाऊस पडला, पण मुलगी म्हणाली, इशाऱ्यांना घाबरायचं नाही, चुकीला थांबायचं. चूक आली नाही. तिसरी सूचना दिली. प्रोग्राम बसला.

सासूबाईंनी वायर जोडली, दोन रंगांचे कोन लावले आणि ढोल्याचं नाव निवडलं. गाडी डावीकडून उजवीकडे सरकवली. सुया खडखडल्या, काही वर आल्या, काही खाली राहिल्या. पंधरा-वीस ओळींनंतर निळ्या लोकरीत पांढऱ्या अक्षराचा खालचा काठ उमटला. सासूबाई कापडाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सरका आता दोघंही. उजेड अडतोय."

संध्याकाळी बायको न्यायला आली तेव्हा ढोल्याचा स्वेटर पुरा झाला होता आणि मॅडम नावाच्या कुत्रीचा निम्मा. "तीन शब्द म्हणालास का?" तिने जिन्यातच विचारलं.

"म्हणालो," जावई म्हणाला. "पण दुपारी."

रविवारी दुपारी उरलेले स्वेटर झाले आणि सगळे मिळून आश्रमात गेले. डॉक्टरीणबाईने एकेका कुत्र्याला टेबलावर उभं करून स्वेटर घातला. मेजरने मुकाट्याने घालून घेतला. मॅडम स्वेटर घातल्याबरोबर जी आडवी झाली ती उठेचना. ढोल्याचं पोट मापापेक्षा बरंच मोठं निघालं, त्यामुळे त्याच्या पाठीवरचं नाव ताणलं जाऊन लांबून वाचता येईल इतकं मोठं झालं. डॉक्टरीणबाईला ते फारच सोयीचं वाटलं. सासरे सातही कुत्र्यांभोवती फिरून पाठी वाचून आले. एकही चूक नव्हती. परतताना ते गाडीत पुढच्या सीटवर बसून गुणगुणत होते.

त्या आठवड्यात त्यांनी आणखी एक काम केलं. प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या दूरदेशीच्या गृहस्थाला त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. तपासणीतल्या संदेशांमध्ये अकरा मुद्रणदोष होते. त्यांची त्यांनी ओळ क्रमांकासह यादी केली, आणि शेवटी 'आपल्या नोंदी फार प्रामाणिक आहेत' असं लिहिलं. जावयाने पत्र पाठवून दिलं. उत्तर येईल असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं, पण तीन दिवसांत आलं. गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे होते. इतक्या वर्षांत पुष्कळ लोकांनी त्यांना प्रोग्राम चालत नाही म्हणून कळवलं होतं, पण तो वाचला म्हणून कळवणारं हे पहिलंच पत्र होतं. अकराही दुरुस्त्या त्यांनी स्वीकारल्या होत्या आणि नव्या आवृत्तीत आभाराच्या यादीत सासऱ्यांचं नाव घातलं होतं.

जावयाने ती यादी उघडून दाखवली. सासऱ्यांनी भिंग आणलं. आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन्सिल हातात घेतली.

"आडनावात एक अक्षर जास्त पडलंय," ते म्हणाले. "बसा जरा. लिहून घ्या."